बायो नावाची नदी

थंडीच्या दिवसांत जबलपूरच्या ग्वारीघाटावरचा उजेड आधी पाण्यावरून निघून जातो, मग होड्यांच्या रंगीत कडांवरून, आणि सर्वांत शेवटी पायऱ्यांवर बसलेल्या माणसांच्या कपाळांवरून. त्या शेवटच्या, मावळत्या उजेडात आमच्या मंदाताई ओंजळीत पानाचा द्रोण धरून बसलेल्या असत. द्रोणात झेंडूची फुलं, तुपाची वात, आणि वाऱ्याला पाठ देऊन त्या वातीवर वाकलेला त्यांचा कृश देह. ओठ हलत असत, पण ओठांतली नावं नर्मदेची नसत. मिसिसिपी, तांबडी, मोतीनदी, सबीना, अच्छा-फल-आया... शेजारची एखादी बाई आपलं 'नर्मदे हर' अर्ध्यावर सोडून विचारी, "माताजी, ये कौन सी देवियों के नाम हैं?" मंदाताई मान न वळवता सांगत, "देवियाँ नहीं हैं. मेरे लड़के के उधर की नदियाँ हैं." आणि द्रोण पाण्यावर ठेवत.

मी त्यांची धाकटी जाऊ. महाराजपूरच्या कॉलनीत राहते, शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले, आणि तोंडाची फटकळ म्हणून सासरी पहिल्यापासून प्रसिद्ध आहे. मंदाताई त्या बाबतीत माझ्याही वरच्या. भाऊजी गेल्यापासून नेपियर टाउनातल्या घराच्या वरच्या मजल्यावर त्या एकट्या राहतात, खाली कोचिंग क्लास, जिन्यावर दिवसभर पोरांची वर्दळ; त्या जिन्यातून उतरताना मंदाताई प्रत्येकाची हजेरी घेत उतरायच्या, कुणाची बूट लाथाडून ठेवण्याची रीत, कुणाचे विस्कटलेले केस, कुणाचा नापास झालेला विषय. बोलताना उजवा तळहात पालथा धरून तो डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवायची त्यांना सवय होती, घडी घातलेल्या लुगड्यावरून हात फिरवावा तशी. त्या हाताखाली कुठलीही गोष्ट सपाट होऊन जाई, भांडणसुद्धा. आता तो हात गुडघ्यावर पडलेला असतो आणि तो तसा पडलेला पाहिला की मला रडू येतं. ते मी लपवत नाही, या वयात कुणासाठी लपवायचं!

अभय हा त्यांचा एकुलता एक. ग्वारीघाटाच्या पाण्यात पोहायला शिकलेला, ओल्या चड्डीवर घरी येऊन आईच्या शिव्या खाणारा, आणि पुढं शिकून थेट अमेरिकेच्या दक्षिणेला लुइझियानात पाणी मोजायच्या नोकरीवर गेलेला. मंदाताईंना ही नोकरी काही केल्या पटत नसे. "पाणी मोजायला पगार देतात? आमच्या नळाला येऊन मोज म्हणावं, दोन मिनिटांत काम होऊन जाते!" पण रविवारी त्याचा फोन आला की त्याच बाई कानाला फोन चिकटवून सारं जग विसरत. तो त्यांना आपल्या बायकोबद्दल कमी आणि नद्यांबद्दल जास्त सांगे. तो प्रदेश म्हणजे अर्धी जमीन आणि अर्धं पाणी. माती पायाखाली सरकते, किनारा दर वर्षी थोडा थोडा समुद्रात जातो, नकाशे जुने होतात. आणि मंदाताई, ज्यांना आपल्या घरापासून फार लांब नसलेली परियट नदी धड दाखवता आली नसती, त्या हजारो कोसांवरच्या या पाण्यांशी नाती जोडत बसल्या होत्या. मिसिसिपी झाली मिशीवाली, मोत्याच्या नावाची एक होती ती मोतीनदी. रेड रिव्हरचं पाणी खरोखरच गाळानं लाल, म्हणून ती तांबडी. सबीनचं त्यांनी सबीना केलं, कारण गोहलपूरला त्यांचे ब्लाउज शिवणारी एक सबीना होती आणि ती वेळेवर देत नसे. "ही तरी वेळेवर वाहते का रे?" असं त्यांनी लेकाला विचारलं होतं, आणि तिकडं तो किती तरी वेळ हसत राहिला होता.

पण जीव जडला तो अचाफलायावर. ते नाव अभयनं पहिल्यांदा उच्चारलं तेव्हा मंदाताईंनी ते जबलपूरच्या कानानं ऐकलं: अच्छा फल आया. त्या इतक्या खूश झाल्या की त्यांनी मला लगेच फोन लावला. "सुधा, तिकडं एक नदी आहे, तिचं नावच अच्छा फल आया! बघ, किती शुभ ठिकाणी गेला माझा पोरगा!" मी म्हटलं, ताई, ते त्यांच्या आदिवासींच्या भाषेतलं काहीतरी असेल. तर म्हणाल्या, "असू दे ना, फळ तर आलं!" पुढं अभयनं त्यांना सांगितलं की मिसिसिपीला आपला जुना, लांबचा मार्ग सोडून या अचाफलायाच्या जवळच्या वाटेनं समुद्राला जायचं आहे, आणि माणसांनी मोठमोठे दरवाजे बांधून तिला तसं जाऊ दिलेलं नाही. त्यावर मंदाताई माझ्याकडं रोखून पाहत म्हणाल्या, "म्हणजे थोरल्या जावेला धाकटीच्या घरून जायचं आहे, आणि धाकटी दार लावून बसली आहे." मी म्हटलं, थोरलीनं आधी आपलं सामान कमी करावं. आम्ही दोघी चहा सांडेपर्यंत हसलो होतो. तो हिवाळा मला अजून स्वच्छ आठवतो, आणि आठवला की स्वतःचाच हेवा वाटतो.

गेल्या शरदात एका सकाळी अभयच्या हृदयानं दगा दिला. ऑफिसला निघायच्या तयारीत होता म्हणे, बुटाची नाडी बांधायला वाकला आणि उठला नाही. व्हिसा, तिकिटं, कागद, यातलं काहीही वेळेत जमणारं नव्हतं. आईनं लेकाला फोनच्या पडद्यावर पाहिलं, आणि तेसुद्धा आम्ही सगळ्यांनी त्यांना धरून बसवलं होतं म्हणून. दहन तिकडंच झालं. सून रश्मी कानपूरची, स्वभावानं गरीब, बोलणं सगळं हिंदीत. काही दिवसांनी तिचा फोन आला, रडून रडून घसा बसलेला. "मम्मीजी, अस्थियाँ घर के पीछे बायू में ही छोड़ दीं. इन्हें वो जगह बहुत अच्छी लगती थी." मंदाताई डोळे पुसून माझ्याकडं वळल्या. "बायो म्हणे. बायोमध्ये सोडलं. आपली जशी मैया, तशी त्यांची बायो असेल. बाईच्याच कुशीत गेला ना?" मी मान हलवली. अगं बायो, म्हणून माझी आईसुद्धा मला हाक मारायची. मला तरी त्या शब्दात दुसरं काय ऐकू येणार होतं?

त्या नावानं त्यांना उभं केलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. कार्तिकातच त्यांनी हिशेब मांडला. बायो जाऊन अच्छा-फल-आयाला मिळणार, ती समुद्राला; इथून नर्मदामैया पश्चिमेला जाऊन समुद्राला मिळणार; आणि समुद्र काय वेगवेगळे असतात? तेव्हा इथून रोज एक दिवा सोडायचा आणि तिथून अभय निघालेलाच आहे, कुठं ना कुठं दोघांची गाठ पडेल. या विचाराला हसायची कुणाची छाती झाली नसती. नर्मदेवर वर एक धरण आहे आणि खाली त्याहून मोठी, हे मला ठाऊक होतं. त्यांचा द्रोण पुढच्या घाटाच्या फुलांच्या गाळात जाऊन अडकतो, हेही मी पाहिलं होतं. पण मी रोज ऑटो करून त्यांना घेऊन जात राहिले, पायांत लोकरी मोजे घालून कुडकुडत बसत राहिले आणि परतताना त्यांचा तोच प्रश्न ऐकत राहिले: "लागला असेल का गं आता समुद्राला?" लेकरू घरून निघालं की आई जशी स्टेशनला पोचल्याच्या फोनची वाट बघते, तसं ते विचारणं होतं. मी म्हणे, लागला असेल, ताई, अजून थोडं. एवढीच एक गोष्ट त्यांना जगाकडून हवी होती. तो पोचायला हवा होता.

फोनवरच्या नकाशात मी ती जागा शोधूनही पाहिली होती. घराचा राखाडी चौकोन आणि त्यामागं एक निळी वाकडी रेघ. नकाशात सगळंच पाणी निळं असतं. वाहणारं कुठलं आणि नुसतं साठलेलं कुठलं, हे त्यात कळत नाही. मंदाताईंनी त्या रेघेवर बोट ठेवलं आणि ते हळूहळू खाली, दक्षिणेकडं नेलं, समुद्रापर्यंत. पडदा संपला तिथं बोट थांबलं. "बस, एवढंच तर आहे," त्या म्हणाल्या.

मग माघातला तो रविवार. आपली संध्याकाळ म्हणजे त्यांची सकाळ. रश्मी चहा करत होती, फोन नात ताराच्या हातात होता. ताराला मराठी कळते, बोलता येत नाही. ती दादी म्हणते, आजी म्हणत नाही, आणि हे दुःख मंदाताईंनी पूर्वी मोठ्या थाटात मिरवलं आहे. त्या दिवशी मात्र त्यांना नातीचं तोंडसुद्धा नीट बघायचं नव्हतं. "बेटा, मला ती बायो दाखव ना. पापा जहाँ हैं, वो दिखाओ."

तारा मागचं दार उघडून बाहेर गेली. लाकडी पायऱ्या, त्यांच्या खाली पाणी. पाण्यातच उभी असलेली करडी झाडं, बुंधे फुगलेले, फांद्यांवरून साधूच्या जटांसारखं काहीतरी लोंबणारं, आणि सगळ्या पृष्ठभागावर हिरव्या बारीक पानांचा जाड थर. धुक्यातून उन्हाचा एक कवडसा तिरपा उतरला होता. मला ते दृश्य फार सुंदर वाटलं, खरं सांगते. अशी स्तब्धता मी भेडाघाटच्या खडकांमध्येही पाहिली नव्हती. मंदाताईंनी फोनला हात जोडले. मग म्हणाल्या, "एक फूल छोड़ दो बेटा. पापा के लिए."

तारानं कुंपणाजवळच्या झुडपावरचं एक मोठं लाल फूल तोडलं आणि पायरीवर ओणवी होऊन पाण्यावर ठेवलं. हिरवा थर जरासा बाजूला सरला, फूल मध्ये बसलं. मंदाताई पुढं वाकल्या. आम्ही दोघी बघत राहिलो. फूल जिथं ठेवलं तिथंच होतं.

"फोन अटकला का गं, सुधा? हलव जरा."

मी पडद्यावर बोट फिरवलं. फोन अटकला नव्हता. ताराचा श्वास ऐकू येत होता, कुठंतरी कुत्रं भुंकत होतं, आणि फुलाच्या पलीकडं एका कासवानं मुंडकं वर काढून पुन्हा आत घेतलं.

"दादी, फोन ठीक है," तारा म्हणाली. "पानी ही नहीं चलता यहाँ."

"नहीं चलता मतलब? नदी है ना बायो?"

"नदी नहीं है, दादी. बायू. बायू मतलब रुका हुआ पानी. पापा बोलते थे, सोया हुआ पानी है, इसको मत जगाओ."

नऊ-दहा वर्षांचं लेकरू, बापाचा शब्द तिनं किती मायेनं सांगितला होता. मंदाताईंचा हात गुडघ्यावरून उचलला गेला, पालथा, सवयीनं एका बाजूला फिरू लागला आणि मध्येच थांबला. तेवढ्यात तिकडं वाऱ्याची एक झुळूक आली असावी, कारण जटा हलल्या आणि फूलही हललं. पण ते बाहेर, मोकळ्या पाण्याकडं गेलं नाही. ते वळून पायऱ्यांच्या दिशेनं सरकलं आणि लाकडाला टेकलं.

"घराकडं येऊन राहिलं गं ते," मंदाताई म्हणाल्या. एवढ्या बारीक आवाजात मी त्यांना आयुष्यात कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

रश्मीनं फोन घेतला तेव्हा तिला प्रकार कळला आणि ती बिचारी घाबरली. समजावून सांगू लागली की पावसाळ्यात, वादळात, हे पाणीसुद्धा थोडं सरकतं; की अभय रोज संध्याकाळी याच पायऱ्यांवर बसायचा. दिवसभर वाहतं पाणी मोजून आलेल्या माणसाला घरी थांबलेलं पाणी बरं वाटत असेल, यात तिची काय चूक? मंदाताईंनीही तिला एका शब्दानं दुखावलं नाही. "कोई बात नहीं बेटा, तुमने अच्छा ही किया," म्हणाल्या आणि फोन माझ्याकडं दिला.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या वेळी त्यांच्याकडं गेले. त्या पलंगावर बसल्या होत्या, केसही विंचरलेले नाहीत. मी म्हटलं, "चला ताई, उशीर होतो आहे."

"काहून?"

"काहून म्हणजे? दिवा सोडायला."

"कोणाला भेटायला पाठवू गं दिवा?" त्या म्हणाल्या. "तो तर निघालाच नाही."

मला काही सुचेना, आणि सुचेना की मी बडबडते. तिकडं केवढी तुफानं येतात, समुद्र पार गावांपर्यंत चढून येतो, एखाद्या वर्षी त्या पाण्याला पाय फुटतील, मग बघा, असं काय काय बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तू गणित शिकवलंस ना जन्मभर? मग मला पाणी नको शिकवू." मग मी शेवटचा उपाय काढला. रश्मीला त्या पाण्याची एक बाटली भरून आणायला सांगू, कधी आली की आपण इथं नर्मदेत सोडू. मंदाताई माझ्याकडं बघत राहिल्या, आणि त्या बघण्यात राग असता तर मला सोसला असता. "बाटलीत त्याचा कोणता भाग येईल, सुधा?" मी घरी येऊन दार लावून रडले.

त्यानंतर घाट सुटला तो सुटलाच. एक रविवार तेवढा राहिला. फोन आला की त्या ताराला म्हणत, पाणी दाखव. बोलत काही नसत. तारानं फोन पायरीवर टेकवून ठेवायचा आणि आपण खेळायला जायचं. मग इकडं नेपियर टाउनात दिवेलागण होई, खाली क्लास सुटल्याचा कल्लोळ उठे, मोटरसायकली सुरू होत, आणि त्या सगळ्या गलबल्यात मंदाताई त्या निश्चल हिरव्या पाण्यासमोर बसून असत. पूर्वी त्यांची काळजी होती की तो पोचला की नाही. आता तो कुठं आहे ते त्यांना नेमकं माहीत होतं, आणि ती माहिती काळजीहून जड होती. एकदा म्हणाल्या, "थंडी वाजत असेल का गं तिथं? ऊन फार येत नाही." मी म्हटलं, ताई, असं बोलू नका. त्या म्हणाल्या, "मग कसं बोलू?"

वैशाखात रश्मीनं घर विकलं. एकटीला ते झेपत नव्हतं, नोकरीचाही प्रश्न होता. तिचा भाऊ राहतो त्या कुठल्याशा कोरड्या, वाळवंटी शहरात ती ताराला घेऊन निघाली होती. तिनं भीत भीत सांगितलं. कूलरच्या घरघरीत मंदाताईंना ऐकू आलं की नाही, मला कळेना, त्या नुसतं "अच्छा... अच्छा..." म्हणत होत्या. मग त्यांनी विचारलं, "जो लोग आ रहे हैं, उनको बता दोगी? कि पीछे पानी में..."

"मम्मीजी," रश्मी म्हणाली, "नए लोगों से ये कैसे कहूँ?"

"हाँ," मंदाताई म्हणाल्या. "हाँ, वो भी सही है."

आणि फोन ठेवून त्या उठल्या, माठातलं पाणी भांड्यात घेतलं, न पिता तसंच ओट्यावर ठेवलं. बाहेर कोरडं, पांढरं ऊन होतं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तो त्यांनी झटकला नाही, धरलाही नाही.

आता रश्मीचा फोन येतो, ताराच्या शाळेच्या गोष्टी होतात, मंदाताई हसतातसुद्धा अधूनमधून. नद्यांची नावं मात्र त्यांच्या तोंडून गेली ती गेलीच. लोक भेटायला येतात, समजूत घालतात, की गेलेला माणूस आठवणीत राहतो, काळ सगळ्यावर औषध आहे. मंदाताई ऐकतात, चहा विचारतात. मी समोर बसलेली असते आणि मला त्या लोकांना ओरडून सांगावंसं वाटतं की आठवणीत राहणारी माणसं वेगळी असतील. आमचा अभय परक्यांच्या घरामागं राहतो, तिथं त्याला ओळखणारं आता कुणीही नाही, आणि काळाचं म्हणाल तर तो त्या पायऱ्यांपाशी जो थांबला आहे, तो आमच्यापैकी कुणाच्याही हयातीत पुढं जायचा नाही.